मानेचे दुखणे आणि कामाची बैठक

भोर व वेल्हे हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ आणि भरपूर पावसाचा प्रदेश होय. भात हे येथील प्रमुख पीक. आषाढात खाचरांतून लावणी सुरू झाली की, स्त्री-पुरुष दिवसभर ओणवे राहून राबतात. शाळेतील मूल मांडीवरील वहीवर झुकते, तर कार्यालयातील लिपिक कागदांवर किंवा संगणकापुढे. कामे भिन्न असली, तरी मानेवरील ताण सारखाच.

मानेत ७ मणके असतात. त्यांवर सुमारे ४.५ ते ५ किलो वजनाचे डोके तोललेले असते. मान सरळ असता हा भार मणक्यांवरून सहज खाली उतरतो. ती पुढे झुकली की, डोके सावरण्यासाठी मागील स्नायूंना सतत ताणून राहावे लागते. असे स्नायू थकतात, आखडतात व दुखू लागतात. ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे जुनाट मानले जाते. डोक्यावरील ओझ्याचा भार तर थेट मानेवरच येतो. १५ लिटर पाण्याचा हंडा म्हणजे भांड्याखेरीज १५ किलो वजन!

तथापि, सारा दोष वाकून बसण्याच्या सवयीवर टाकणे योग्य नव्हे. वाढते वय, जुनी इजा, अपुरी झोप व मानसिक ताण हीदेखील कारणे असू शकतात. शिवाय कोणतीही बैठक, कितीही ताठ असली तरी, तासन् तास तशीच ठेवल्यास त्रासदायक ठरते. म्हणून हालचाल हाच खरा उपाय होय. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, खांदे फिरवावेत, मान सावकाश दोन्ही बाजूंस वळवावी. लावणीतही अधूनमधून उभे राहून पाठ सरळ करावी.

परंतु ज्याला कामच वाकवते, त्याला नुसता उपदेश पुरेसा नाही. शिक्षकांनी मुलांना लिहिण्यासाठी उतरते डेस्क मिळवून द्यावे व दर तासिकेला उभे करावे. कार्यालयप्रमुखांनी टेबल-खुर्चीची उंची तपासावी. पंचायतीने घरोघरी नळ पोहोचवल्यास डोक्यावरचा हंडा उतरेल.

हातांना मुंग्या येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, दुखण्यासोबत ताप येणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास मान चोळून वा मोडून घेऊ नये. विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे.

मान दुखते ती एकाची. तिच्यावरचा भार हलका करणे मात्र साऱ्या गावाच्या हाती आहे.