तळ्यातले दिवे: कोटेशनमधून काय कमी करायचं, काय नाही

बंगल्याच्या बागेतल्या छोट्या तळ्यात दिवे लावून देणं हे नर्सरीवाल्यांसाठी आणि इलेक्ट्रिशियनसाठी चांगलं जोडकाम आहे. पण कोटेशन पाहून गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "बाजारात दिवे स्वस्त मिळतात, थोडं कमी करा ना." अशा वेळी कुठे वाकायचं आणि कुठे नाही, तेच आज शिकू.

आधी सुरक्षेच्या ओळी लिहा. पाण्यात 12 व्होल्टचेच दिवे टाकायचे. इनपुट-आउटपुट पूर्ण वेगळं असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या आणि तो तळ्यापासून लांब, जमिनीपासून उंच, पावसाचं पाणी लागणार नाही असा बसवा. दिवा एसीवर चालतो की डीसीवर, तेही बघून घ्या. दिव्यावर आयपी 68 लिहिलेलं हवं. आयपी 65 म्हणजे फक्त पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण; असा दिवा बुडवला की आत पाणी गेलंच समजा. तळ्यातला पंप बहुतेक वेळा 230 व्होल्टचा असतो, म्हणून त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजेच. हे काम लायसन्सधारक माणसाकडूनच करून घ्या.

आता हिशोब. 6 वॅटचे 4 दिवे म्हणजे 24 वॅट. ट्रान्सफॉर्मर थोडा मोठा, 36 ते 40 वॅटचा घ्या. 12 व्होल्टवर करंट 2 अँपिअर होतो. अंतर 15 मीटर असेल आणि 0.75 एमएमची वायर टाकली, तर जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्ट वायरीतच जातात आणि दिवे मंद पडू शकतात. 1.5 एमएमची टाकली तर हे नुकसान निम्मं होतं. रोज 5 तास दिवे लावले तरी महिन्याला 4 युनिटच्या आतच खर्च. हा आकडा गिऱ्हाइकाला जरूर सांगा.

जागा संध्याकाळी ठरवा. अंधार पडल्यावर जा. गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा आणि दिवे विटांवर ठेवून दाखवा. झोत डोळ्यांत जायला नको. तो कमळाच्या पानांवर, दगडावर किंवा पडत्या पाण्यावर पडू द्या. पिवळसर उजेड, 3000 केल्विनच्या आसपासचा, बागेत छान दिसतो. वायरीचे जोड पाण्याबाहेर ठेवा. काचेवर शेवाळ धरतं, तेव्हा दिवा वर काढून पुसता यावा म्हणून मीटरभर वायर जास्तीची सोडा. तळ्यात मासे असतील तर टायमर लावा. त्यांनाही रात्री अंधार लागतो.

आता "कमी करा" याचं उत्तर. सरळ सांगा, "साहेब, 4 ऐवजी 2 दिवे लावू. बाकीचे पुढच्या वर्षी वाढवता येतील. पण आरसीसीबी आणि ट्रान्सफॉर्मर काढून मी काम करत नाही. तळ्यात तुमचीच मुलं हात घालणार आहेत." गिऱ्हाईक तरीही अडून बसलं, तर काम सोडा. एक काम गेलं तर दुसरं मिळेल. पण तळ्यात कुणाला शॉक बसला तर तो माणूस आणि तुमचं नाव, दोन्ही परत मिळणार नाही.

काम देताना आरसीसीबीचं टेस्ट बटण गिऱ्हाइकाकडूनच दाबून घ्या, आणि ते दर महिन्याला दाबायला सांगा. तळ्यात हात घालण्याआधी पंप आणि दिवे दोन्ही बंद करायचे, हेही बजावून सांगा.

आजचा गृहपाठ: तुमचं जुनं एखादं कोटेशन काढा आणि सुरक्षेच्या ओळींखाली लाल रेघ मारा. रेघेवरचं कमी करायचं नाही. वर्षातून दोनदा साफसफाईची ओळही त्यात घाला. गिऱ्हाईक टिकतं ते तिच्यामुळेच.