उजनीचे पाणी ओळखा, मगच मासळीत पैसा घाला

अलीकडे काही होतकरू तरुण आमच्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. कापडात पूर्वीसारखी कमाई राहिली नाही, भांडवल थोडे आहे, तेव्हा उजनीच्या मासळीचा धंदा करावा काय? आमचा व्यवसाय सोलापुरी चादरी-टॉवेलचा, मासळीचा नव्हे. परंतु टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण हा पट्टा आमच्या उधारीच्या वहीत वर्षानुवर्षे आहे. तेथील गिऱ्हाईक पैसे कधी देणार, हे जसे उसावर तसेच मासळीवर ठरते. सबब त्या पाण्याकडे लक्ष ठेवणे आम्हाला भाग पडले आहे.

भीमा नदीवरील हे धरण माढा तालुक्यात असून ते १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. फुगवट्याचे पाणी माढा, करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंडच्या दिशेने दूरवर पसरलेले आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. यातील जवळजवळ ६३.६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.६ टीएमसी उपयुक्त साठा होय. वर्तमानपत्रात जी टक्केवारी येते ती फक्त उपयुक्त साठ्याची असते. 'उजनी शून्यावर' असे वाचून नवखा माणूस समजतो की धरण कोरडे पडले. वस्तुतः त्या दिवशीही धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. हिशोब केला तर तेव्हाही ३१-३२ टीएमसी पाणी शिल्लक होते. मासे त्यातच होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण पुन्हा शंभर टक्के भरले. मासळीच्या व्यापाऱ्याने ही टक्केवारी रोज वाचावी, जसे आम्ही सुताचा भाव वाचतो.

दुसरी गोष्ट, उजनीचा पाऊस उजनीवर पडत नाही. माढा-करमाळ्याचा मुलूख कमी पावसाचा. पाणी येते ते मावळ-मुळशीच्या डोंगरांतून, पवना, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांच्या वाटेने. आकाश निरभ्र असताना जलाशय चढू लागतो, पाणी गढूळ होते, आणि मासे वाहत्या पाण्याच्या दिशेने वर सरकतात. हा त्यांच्या विणीचा काळ. जुलै ते सप्टेंबर माल कमी व अनिश्चित येतो, भाव मात्र चढे असतात. या चढ्या भावावर भुलून पावसाळ्यात धंदा सुरू करू नये.

हिवाळ्यात जलाशय भरलेला, पाणी थंड व बरेच निवळलेले असते. मासा खोल जातो आणि पांगतो. जाळ्यात नग कमी लागतात, परंतु मालाची प्रत उत्तम असते व तो टिकतोही अधिक. मार्चपासून पाणी उतरू लागले की तोच मासा थोड्या जागेत दाटतो. मग आवक वाढते, भाव पडतो, बर्फाचा खर्च दुप्पट वाटू लागतो. याच दिवसांत आणखी एक संकट येते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी याच नद्यांतून उतरते. त्यावर हिरवे शेवाळ माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते पण रात्री तो खाऊ लागते, म्हणून पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि काही वेळा मासे तरंगू लागतात. कल्ले फिके, डोळे धुरकट, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहतो, असा माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ताज्या मासळीचे कल्ले लालभडक असतात.

आता मालाची पारख. भिगवण व इंदापूरच्या बाजारात कटला, रोहू, मृगळ हे तीन मानाचे मासे. कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. तो वरच्या थरातले खातो. रोहूचे खवले तांबूस, तो मधल्या थरात राहतो. मृगळ तळाशी चरतो. कटल्याच्या वजनात डोक्याचा वाटा मोठा, म्हणून खाणावळवाल्याला तो रोहूपेक्षा कमी पुरतो. भाव ठरवताना हे ध्यानात असावे. सायप्रिनस चिखलात तोंड खुपसून चरतो. मरळ काठाच्या गवतात सापडते, हवेतून श्वास घेते, म्हणून थोड्या पाण्यात जिवंत नेता येते. काटे कमी असल्याने तिला भाव चांगला. वाम आणि मिशावाला, बिनखवल्याचा शिंगाडा यांचे गिऱ्हाईक ठरलेले असते, पण ते पुरेसे येतीलच असे धरून चालू नये.

परंतु उजनीचा रोजचा धंदा ज्याच्यावर चालतो तो मासा म्हणजे चिलापी. मोठे व्यापारी तिला हलकी समजतात. आम्हाला हे पटत नाही. चादरीच्या धंद्यातसुद्धा दुकानाचे भाडे साधा मालच काढतो, भारी माल नव्हे. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण करते, तिचे बीज कोणाला सोडावे लागत नाही. दोष एवढाच की दाटी झाली की ती लहान वयातच अंड्यावर येते आणि बुटकी राहते. म्हणून टोपली वजनावर घेताना वरचे चार मासे पाहून बोली लावू नये, तळाचा माल उलटून पाहावा.

कटला-रोहूचे तसे नाही. ते साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागतात. ही बोटुकली उजनीच्या धंद्याचे खरे भांडवल आहे. बारीक जाळ्याने किंवा वडापने तीच ओढली जाते, वाळवून मातीमोल भावाने विकली जाते. किलोभर मासा व्हायला जिला वर्ष-दीड वर्ष मिळायला हवे, तिचे दोन रुपये होतात. विणकराने माग विकून जेवण करावे, असा हा प्रकार. धरण उण्यात गेले की माल भरपूर दिसतो आणि सर्वांना वाटते तेजी आली. ती तेजी नव्हे, पुढच्या दोन वर्षांचा माल आधीच बाजारात आलेला असतो. अशा वर्षी मच्छीमार बांधवांना जाळ्या-होड्यांसाठी मोठी उचल देणारा व्यापारी पुढच्या हंगामात अडकतो, आणि त्याच्याबरोबर तो भोई कुटुंबालाही कर्जात अडकवतो. उचल द्यायची तर पाणी भरलेल्या वर्षी, थोडी, आणि वहीत स्पष्ट लिहून द्यावी. लहान पिल्ले आणणाऱ्याचा माल घेणार नाही, असे चार व्यापाऱ्यांनी ठरवले तरी पुष्कळ फरक पडेल. सरकारी पथकाची वाट पाहण्याची गरज नाही.

परदेशी मांगूर स्वस्त मिळतो म्हणून कोणी गळ घातली तर स्पष्ट नकार द्यावा. त्याचे पालन व विक्री बेकायदा आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्याविरुद्ध आदेश दिला, आणि उजनीकाठच्या तळ्यांवर कारवाया होऊन माल नष्ट करण्यात आला. तेथे भांडवलच जमिनीत पुरले जाते.

वेळेचा हिशोबही महत्त्वाचा. जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. उन्हाळ्यात जाळ्यात मेलेला मासा दोन-तीन तास राहिला तरी प्रत उतरते. मासळीच्या वजनाइतका बर्फ धरून खर्च मांडावा. बर्फात काटकसर करणारे आम्ही पुष्कळ पाहिले, त्यातले कमी टिकले.

आणि स्वतः होडीत बसून माल आणायची हौस असेल तर एप्रिल-मेच्या दुपारनंतर बसू नये. वळवाचे वारे अचानक सुटते, आणि रुंद पाण्यात लाटा उंच होतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वाऱ्यात उलटून ६ जण दगावले. माल पहाटे काठावर घ्यावा, सकाळच्या लिलावात विकावा, दुपारी वही लिहावी.