लेनवरचे तेल

टेनपिन बोलिंग म्हणजे चेंडू सोडायचा आणि दहा पिना पाडायच्या, अशी माझीही समजूत होती. पण फाउल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतच्या 60 फुटांपैकी साधारण 40 फुटांवर तेल असते, आणि ते धड दिसतही नाही! तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या फळ्यांवर पकड घेऊन वळतो. मिठागराच्या बांधावरून चालणाऱ्या आम्हां भाईंदरकरांना हा फरक पायांनाच कळतो.

नेहमीच्या लेनवर तेल मध्ये जास्त, कडेला कमी. त्यामुळे थोडी चूक झाकली जाते. स्पर्धेच्या लेनवर ते बरेचसे सारखे असते. तेलाच्या फुटांतून 31 वजा केले की चेंडू कडेपासून कितव्या फळीवर वळावा, याचा अंदाज येतो. 40 फूट तेल असेल तर नववी.

शिकवण्यांच्या पैशांतून शुल्क भरून मी एका स्पर्धेत उतरलो. खेळता खेळता चेंडू तेल उचलून नेतात आणि वाट कोरडी पडते, हे मला ठाऊक नव्हते. माझा उजव्या हाताचा चेंडू दर वेळी अधिकच डावीकडे जाऊ लागला. मी मनगटाला दोष देत राहिलो आणि हरलो. चेंडू जिकडे चुकतो तिकडेच सरकायचे असते: पाय दोन फळ्या डावीकडे, नजर एक.