अधिवास, प्रवेश आणि शुल्कसवलत : हक्क आणि त्याचा पुरावा

उच्च शिक्षणाच्या प्रवेशाचा विचार करताना पालकांचे सारे लक्ष गुणांकडे असते. ते स्वाभाविकही आहे. परंतु शासकीय महाविद्यालयातील जागा आणि शुल्कातील सवलत या दोन गोष्टी केवळ गुणांवर मिळत नाहीत. विद्यार्थी कोणत्या राज्याचा, त्याचे शिक्षण कोठे झाले, कुटुंबाचे उत्पन्न किती आणि या साऱ्याचा पुरावा काय, या प्रश्नांची उत्तरे त्याला ठरलेल्या मुदतीत द्यावी लागतात. हक्क कायद्याने मिळतो, पण तो पदरात पडतो कागदपत्रांमुळे. ही कागदपत्रे मुंबईत नव्हे, तर गावातील शाळेत, तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत तयार होतात. म्हणूनच हा विषय शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि महसूल कर्मचारी यांनी समजून घेण्यासारखा आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी

राज्याच्या खर्चाने चालणाऱ्या महाविद्यालयात परराज्यातील विद्यार्थ्याकडून अधिक शुल्क घ्यावे काय, हा वाद आपल्या देशात प्रजासत्ताकाच्या पहिल्या काही वर्षांतच उभा राहिला. त्या वेळच्या मध्य भारत राज्यातील इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात राज्याच्या रहिवाशांना एक शुल्क माफ होते. बाहेरच्या विद्यार्थ्यांना मात्र ते भरावे लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९५५ मध्ये न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, राज्यघटनेने जन्मस्थानाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली आहे. निवासाच्या आधारे केलेला फरक त्याहून वेगळा आहे. ज्या राज्याची जनता महाविद्यालयाचा भार उचलते, त्या राज्याने आपल्या रहिवाशांना सवलत देणे न्यायालयाने गैर मानले नाही.

पुढे प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्ये न्यायालयाने या तत्त्वाला मर्यादा घातली. देश एक असल्याने सर्वच जागा स्थानिकांसाठी राखता येणार नाहीत, काही जागा अखिल भारतीय गुणवत्तेवर भरल्याच पाहिजेत, असे त्या निर्णयाचे सार होते. १९८६ च्या निर्णयानुसार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात गेल्या आणि ८५ टक्के राज्याकडे राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. पदवीच्या जागांबाबतची व्यवस्था मात्र कायम आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडे नाही. अमेरिकेतील राज्य विद्यापीठे परराज्यातील विद्यार्थ्यांकडून बरेच अधिक शुल्क घेतात. त्यावर तोडगा म्हणून पश्चिमेकडील राज्यांनी आपसांत करार केला असून त्यात सहभागी विद्यापीठे शेजारच्या राज्यांतील पात्र विद्यार्थ्यांकडून स्थानिक शुल्काच्या जास्तीत जास्त दीडपट रक्कम घेतात. कनेक्टिकट राज्यात मात्र प्रवेशाच्या वेळी परराज्यातील ठरलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत परराज्यातीलच मानला जाई. आपण आता येथील रहिवासी झालो, हे सिद्ध करण्याची संधीच त्याला नव्हती. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. राज्याने फरक करावा, पण नागरिकाला आपला पुरावा मांडण्याची संधी नाकारू नये, हा त्यातील बोध आपल्यालाही लागू पडतो.

आपल्या राज्यातील तरतुदी

'महाराष्ट्राचा विद्यार्थी' या शब्दांचा अर्थ प्रत्येक अभ्यासक्रमासाठी सारखा नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. वैद्यकीय पदवीच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारणपणे अधिवास प्रमाणपत्र लागते, तसेच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसारख्या कारणांसाठी काही अपवाद आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेशात पात्रतेचे अनेक प्रकार आहेत. दोन्ही परीक्षा राज्यात उत्तीर्ण होऊन ज्याचा जन्म किंवा अधिवास महाराष्ट्रातील आहे, तो पहिल्या प्रकारात येतो. ज्याचे शिक्षण बाहेर झाले, पण जो स्वतः अथवा ज्याचे आई-वडील राज्याचे अधिवासी आहेत, त्याच्यासाठी दुसरा प्रकार आहे. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळे प्रकार आहेत. बेळगाव, निपाणीसारख्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे.

राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. तेथे 'स्वतःचे राज्य' अधिवासावरून नव्हे, तर बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून ठरते.

या फरकाचे परिणाम किती दूरवर जातात, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूर जिल्ह्यातील एखादा मुलगा दहावीनंतर राजस्थानातील कोटा येथे जातो आणि बारावीही तेथील शाळेतूनच उत्तीर्ण होतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत तो परराज्याचा ठरतो आणि जयपूरच्या संस्थेत राजस्थानचा. त्याने वैद्यकीय शिक्षणाकडे वळावयाचे ठरविले, तर राज्याच्या ८५ टक्के जागांवरील त्याचा दावा सामान्यतः संपुष्टात येतो. अभियांत्रिकीत मात्र वडिलांच्या अधिवासावर त्याला महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. घर तेच, मुलगा तोच; पण बारावीच्या शाळेच्या निवडीने तीन दारांपैकी दोन बंद झाली. दहावीच्या निकालानंतर पालकांना ही गोष्ट सांगणारा कोणी असेल, तर तो बहुधा शाळेतील शिक्षकच असतो.

कोट्याला जाणारे कुटुंब निदान स्वतःच्या निवडीने जाते. ऊसतोडीसाठी बीडहून कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबाला तशी निवड नसते. मुलाची दहावी तिकडे झाली, तर वैद्यकीयच्या बाबतीत त्याचीही तीच गत होते. या मुलांचे शिक्षण गावाकडेच अखंड चालावे यासाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. अशा वसतिगृहाचे महत्त्व केवळ निवास आणि भोजनापुरते नाही, हे यावरून कळून येईल.

शुल्कसवलतीच्या योजना

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेखाली वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या निम्म्या रकमेचा लाभ मिळतो. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास आणि शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला प्रवेश आवश्यक असतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना, त्याच उत्पन्नमर्यादेत, २०२४-२५ पासून हा लाभ शंभर टक्के करण्यात आला. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास तो लागू नाही.

याखेरीज तंत्रशिक्षण संस्थांत मंजूर क्षमतेच्या ५ टक्के अतिरिक्त जागा शिक्षण शुल्कमाफीच्या असतात. पर्याय अर्जात या जागांचे संकेतांक स्वतंत्र असतात आणि ते न भरल्यामुळे पात्र विद्यार्थी या जागांना मुकतो. ही माफी फक्त शिक्षण शुल्काची असून इतर शुल्के भरावीच लागतात.

राज्याबाहेर शिकणाऱ्यांचे काय? राज्याच्या शुल्क शिष्यवृत्तीचा लाभ सहसा सीमेपलीकडे जात नाही. भारत सरकारची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र विद्यार्थी ज्या राज्याचा कायम रहिवासी आहे, त्या राज्याने द्यावयाची असते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण शिक्षण शुल्क माफ असते. इतरांपैकी १ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना पूर्ण, तर १ ते ५ लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफी मिळते. त्यासाठी राज्याची अट नाही.

गावपातळीवरील जबाबदारी

प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या धावपळीचे मूळ अनेकदा जुन्या नोंदींत असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थानाचा रकाना कोरा असतो, किंवा गावाचे नाव असते पण तालुका व जिल्हा नसतो. अभियांत्रिकी प्रवेशात हाच दाखला राज्यातील जन्माचा पुरावा म्हणून चालू शकतो. कोरा रकाना असेल तर तो निरुपयोगी ठरतो. मुख्याध्यापकांनी आठवीपासूनच ही नोंद व नावातील तफावत तपासून घ्यावी.

अधिवास प्रमाणपत्रासाठी सामान्यतः १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्याकडे शेत नाही, पक्के घर नाही, त्यांना तो गोळा करणे सर्वांत कठीण जाते. शिधापत्रिका, मतदारयादी, ग्रामपंचायतीची कर आकारणी आणि शाळेची नोंद यांतून हा पुरावा उभा करता येतो. ग्रामपंचायत सदस्यांनी अशा कुटुंबांची यादी करून दहावीच्या वर्षातच अर्ज करविले, तर पुढील अडचण टळेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि ती न मिळाल्यास अपिलाचीही सोय आहे, हे अर्जदारास समजावून सांगावे.

उत्पन्नाचा दाखला आणि उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांना मुदत असते. दुसरे प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. केंद्राच्या व राज्याच्या जागांसाठी इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रांचे नमुने वेगवेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठीचा अर्ज अकरावीतच करणे हिताचे. मुदतीत कागद सादर न झाल्यास उमेदवार खुल्या प्रवर्गात गणला जातो आणि गुण असूनही जागा हातची जाते. नियमांत दरवर्षी बदल संभवत असल्याने त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचणे मात्र अनिवार्य आहे.

प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीच्या निकालापूर्वी पालकांची एक सभा घ्यावी, तीत तलाठी व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना बोलवावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदपत्रांची तपासणी करावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शासनाने दिलेली सवलत आणि ती घेण्यास पात्र असलेले मूल यांच्यामध्ये पुष्कळदा एका दाखल्याचे अंतर असते. सुशिक्षित घर ते अंतर स्वतः ओलांडते. जेथे पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढत आहे, त्या घराला मात्र शाळा, तलाठी आणि पंचायत यांच्याशिवाय दुसरा आधार नसतो.