आधी पाहा, मग "उतरा" म्हणा

अरुंद पुलावर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर काय होते? बैल थांबतात. एक गाडी मागे घ्यावी लागते. पण विमानाला हवेत असे थांबता येत नाही. उतरताना त्याचा वेग तासाला सुमारे अडीचशे किलोमीटर असतो. मग एकाच धावपट्टीवर इतकी विमाने सुखरूप उतरतात तरी कशी? आज आपण तेच समजून घेऊ.

मुंबईच्या विमानतळाचे उदाहरण घ्या. तेथे दोन धावपट्ट्या आहेत. पण त्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणून बहुधा एका वेळी एकच पट्टी वापरतात. गर्दीच्या तासाला तेथे चाळीसहून अधिक विमाने चढतात आणि उतरतात. म्हणजे साधारण दीड मिनिटाला एक!

दूरवरची विमाने रडारच्या पडद्यावर दिसतात. ती पाहून काही अधिकारी त्यांची रांग लावतात. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे उठतात. म्हणून त्याच्यामागून येणाऱ्या लहान विमानाला जास्त अंतर ठेवायला सांगतात.

शेवटची परवानगी मात्र मनोऱ्यातला अधिकारी देतो. मुंबईचा हा मनोरा सुमारे ८४ मीटर उंच आहे. वरच्या खोलीला चारी बाजूंनी काचा आहेत. अधिकारी आधी पट्टी पाहतो. पुढचे विमान बाजूला झाले का? पट्टीवर कोणी उभे तर नाही ना? मग तो वैमानिकाला वारा कसा आहे ते सांगतो, पट्टीचा क्रमांक सांगतो आणि म्हणतो, "क्लिअर्ड टू लँड." म्हणजे, उतरायला परवानगी आहे.

यावर वैमानिकाने नुसते "हो, समजलं" म्हणून भागत नाही. पट्टीचा क्रमांक आणि परवानगीचे शब्द त्याने परत म्हणून दाखवायचे. शेवटी आपल्या विमानाचे नाव सांगायचे. काही चुकले तर अधिकारी लगेच दुरुस्त करतो. आणि पट्टी वेळेवर मोकळी झाली नाही तर? तर अधिकारी सांगतो, "गो अराउंड." मग विमान न उतरता पुन्हा वर जाते आणि फेरी मारून येते. त्यात कमीपणा काही नाही. त्यातच शहाणपण आहे.

आता एक दुःखाची गोष्ट ऐका. १ फेब्रुवारी १९९१ ची संध्याकाळ. अमेरिकेतील लॉस एंजेलिसचा विमानतळ. एका लहान विमानाला धावपट्टीवर थांबायला सांगितले होते. प्रत्येक विमानाची माहिती कागदाच्या एका पट्टीवर लिहिलेली असते. त्या दिवशी दुसऱ्याच एका विमानाचा कागद मनोऱ्यातल्या अधिकाऱ्याच्या हाती वेळेवर आला नाही. त्या गडबडीत थांबलेल्या लहान विमानाचा विसर पडला. त्याच पट्टीवर एका मोठ्या विमानाला उतरायची परवानगी दिली गेली. वैमानिकाने शब्द बरोबर परत म्हटले. पण पट्टी मोकळी नव्हती! मोठे विमान लहान विमानावर आदळले. दोन्ही विमानांतली मिळून ३५ माणसे गेली.

पुढे चौकशी झाली. दोष एकट्या अधिकाऱ्यावर टाकला गेला नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात यावी, अशी सोयच तेथे नव्हती, असे आढळले. आता मोठ्या विमानतळांवर जमिनीवरची विमाने दाखवणारे रडारही असते. कित्येक ठिकाणी कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. पण लिहून ठेवणे काही सुटलेले नाही.

मंडळी, माणूस कितीही हुशार असो, गडबडीत तो विसरतोच. म्हणून डोळ्यांनी पाहावे, लिहून ठेवावे, आणि बोललेले परत म्हणवून घ्यावे. या तिन्हींपैकी एकही सोडू नये. शेकडो माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

प्रश्न
१. मुंबईत बहुधा एका वेळी एकच धावपट्टी का वापरतात?
२. वैमानिकाने कोणते शब्द परत म्हणायचे असतात?
३. लॉस एंजेलिसला शब्द बरोबर असूनही अपघात का झाला?