बोर्डावर जे आहे, तेच लिहा

एम्बेडेड लिनक्सचे नवे बोर्ड उभे करणं हे माझं रोजचं काम. लॅपटॉपमधलं पीसीआय कार्ड कर्नलने विचारलं की स्वतःची ओळख सांगतं. राउटरच्या किंवा कॅमेऱ्याच्या चिपमधला इथरनेट कंट्रोलर तसं काही सांगत नाही. तो कुठल्या पत्त्यावर आहे, केबलचे सिग्नल हाताळणाऱ्या कुठल्या फाय चिपला जोडलाय, हे डिव्हाइस ट्रीच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. एआरएम प्रोसेसरांवर पूर्वी यासाठी जवळपास प्रत्येक बोर्डाची वेगळी सी फाइल कर्नलमध्ये असे. २०११ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी त्या पसाऱ्यावर कडक टीका केली, आणि एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं. ही फाइल लिहिताना पुढच्या पाच गोष्टी पाळा.

१. आधी स्किमॅटिक उघडा. चिप कंपनीच्या नमुना बोर्डाची फाइल उचलून कामाला लागायची सगळीकडे रीत आहे. पण फायचा एमडीआयओ बसवरचा पत्ता, ० ते ३१ मधला, बहुतेक वेळा तुमच्या बोर्डावरचे रेझिस्टर ठरवतात. नमुना बोर्डावर तो १ असेल, तुमच्याकडे ४.

२. 'फाय-मोड' अंदाजाने भरू नका. या एका ओळीपायी जितका वेळ वाया जाताना पाहिलाय, तितका दुसऱ्या कशापायी नाही. गिगाबिटला, कंट्रोलर आणि फायमधल्या आरजीएमआयआय जोडणीचा क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ८ नॅनोसेकंदांचं. डेटा चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर जातो. तो नीट वाचता यावा म्हणून क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचावा लागतो. हा उशीर बोर्डावर मुद्दाम लांबवलेल्या ट्रेसमुळे येत असेल, तर 'आरजीएमआयआय' लिहायचं. बोर्ड तो देत नसेल आणि चिपने आतून द्यायचा असेल, तर 'आरजीएमआयआय-आयडी'.

चुकीचं लिहिलं तरी लिंक येते, दिवा लुकलुकतो, आणि पॅकेट मात्र गळतात. १०० मेगाबिटवर क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा असल्याने बऱ्याचदा सगळं सुरळीत दिसतं, म्हणून संशय केबलवर जातो. मग मंडळी मोडचे सगळे पर्याय आलटूनपालटून लावतात आणि पिंग गेला की थांबतात. माझा याला ठाम विरोध आहे. टेबलावर पिंग गेला म्हणजे वर्णन खरं आहे असं नव्हे.

२०२० मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. रियलटेकच्या आरटीएल८२११ई या फायचा ड्रायव्हर दुरुस्त झाला आणि फाइलमधला मोड खरोखर पाळू लागला. ऑलविनर चिपच्या कित्येक बोर्डांच्या फाइलमध्ये 'आरजीएमआयआय' लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात उशीर फाय देत होता, तोही रेझिस्टरने ठरवून दिलेला. नव्या ड्रायव्हरने लिहिल्याप्रमाणे तो बंद केला आणि कर्नल अपडेट होताच नेटवर्क गेलं. मग एकेक फाइल 'आरजीएमआयआय-आयडी' अशी सुधारावी लागली. ड्रायव्हर बरोबरच होता.

३. रीसेट नीट लिहा. फाय रीसेटमध्येच अडकली असेल, तर तिचा ओळख क्रमांक वाचता येत नाही. क्रमांक नाही म्हणून ड्रायव्हर सापडत नाही. आणि रीसेट सोडायचं काम पुढे होणार असेल, तर ते कधी होतच नाही. अशा वेळी ओळख क्रमांक थेट फाइलमधल्या 'कम्पॅटिबल' या ओळीत लिहिता येतो. रीसेटची पिन आणि त्यानंतर थांबायचा वेळ मात्र डेटाशीटमधूनच घ्या.

४. मॅक पत्ता फाइलमध्ये कायमचा लिहू नका. तीच फाइल प्रत्येक नगावर जाते, आणि एका स्विचवर एकाच पत्त्याचे दोन नग भांडू लागतात. तो ईईप्रॉममधून येऊ द्या, किंवा बूटलोडरला भरू द्या.

५. 'डीटीबीएस-चेक' हे कर्नलचं तपासणीचं साधन चालवा; चुकलेली नावं आणि राहून गेलेल्या ओळी ते पकडतं. उशीर बोर्ड देतो की चिप, हे त्याला कळणं शक्य नाही. ते बोर्ड काढणाऱ्यालाच विचारा, आणि त्याचं उत्तर फाइलमध्ये त्या ओळीच्या वर टिप्पणी म्हणून लिहून ठेवा.