नकोसें टपाल

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसचें नांव तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. पूर्वीं हिंदुस्थानचीं टपालतिकिटें लंडनहून छापून येत. १९२५ च्या सुमारास हा छापखाना निघाला आणि तीं येथें छापलीं जाऊं लागलीं. तिकिटामुळें टपालखर्च पाठविणाऱ्यास आगाऊ द्यावा लागतो, आणि पैसा पडतो म्हणून तो विचार करूनच पत्र धाडतो. तिकीट न लावलेलें पत्र 'नॉटपेड' ठरे. त्याचा दुप्पट आकार मात्र घेणाऱ्याच्या माथीं बसे.

ई-मेलच्या पत्रास तिकीट नाहीं. एक पत्र धाडा कीं लाख धाडा, खर्चांत फारसा फरक पडत नाहीं. १९७८ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील गॅरी थुर्क या विक्रेत्यानें संगणकांची जाहिरात सुमारें ४०० जणांस एकदम पाठविली. अशा टपालाचा आरंभ तेथून मानतात. आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें, आणि पुढें हा उपद्रव आपल्याही दारीं आला. हीं सारीं नॉटपेड पत्रेंच होत. त्यांचा आकार आपण आपल्या वेळानें भरतों.

कधीं याहून अधिकही भरावें लागतें. आमच्याच घरीं शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचें पत्र जाहिरातींच्या राशींत दडून राहिलें, व तारीख उलटल्यावर सांपडलें. मुलाचा उतरलेला चेहरा आम्ही अद्याप विसरलों नाहीं. म्हणून पुढील उपाय सांगतों.

पहिला उपाय असा, कीं आपला पत्ता वाटेल तेथें देऊं नये. दुकानें, खेळ व सोडती यांसाठीं एक निराळा पत्ता ठेवावा. शाळा, बँक व आप्तेष्ट यांसाठीं मुख्य पत्ता राखावा.

दुसरा, अनोळखी पत्रास उत्तर देऊं नये, व त्यांतील दुव्यास हात लावूं नये. 'पुन्हां पाठवूं नका' असें रागावून लिहिलें, तरी हा पत्ता चालू आहे एवढेंच लबाडास कळतें. पत्रें ओळखीच्या दुकानाचीं असतील, तर मात्र तळाच्या 'अनसबस्क्राइब' या शब्दावरून आपलें नांव काढून घ्यावें.

तिसरा, पत्र नुसतें पुसून न टाकतां त्यास 'स्पॅम' अशी खूण करावी. अशा खुणांवरूनच ई-मेलची गाळणी शिकत जाते.

चौथा, पत्रांतील चित्रें आपोआप उघडूं देऊं नयेत. चित्र उघडतांच पत्र वाचल्याची वार्ता पाठविणाऱ्यास पोंचूं शकते.

पांचवा, स्पॅमचा कप्पा आठवड्यांतून एकदां तरी चाळावा. गाळणींत कधीं कामाचें पत्रही अडकतें.

पालकांस एक विनंति. बँकेच्या नांवानें गुप्त अंक मागणारें पत्र खरें मानूं नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

शेवटीं, आपल्या हातूनही असें टपाल जाऊं नये. आलेला मजकूर शंभर जणांस ढकलण्यापूर्वीं, 'यास पदरच्या पैशाचें तिकीट लावावें लागतें, तर मीं तो धाडला असता काय?' असें मनास विचारावें. उत्तर 'नाहीं' असें आलें, तर न पाठविणेंच बरें.